दहा गुंठ्यांचे अवयव पडत नाहीत

माझी थोरली बहीण इंदापूर तालुक्यात दिलेली आहे. बारामतीहून इंदापूरला जाताना निमगाव केतकीच्या अलीकडे त्यांची वस्ती लागते. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे गेलो, तेव्हा दाजींच्या डोक्यात दहा गुंठ्यांचे शेडनेट घोळत होते. एका अंगाने विहिरीची वाट जात असल्यामुळे लांबी रुंदीपेक्षा ३३ फुटांनी, म्हणजे एका गुंठ्याच्या बाजूइतकी, जास्त ठेवायची हे त्यांनी नक्की केले होते. रुंदी किती धरायची, एवढाच प्रश्न होता. भाच्याने नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. "हे तर वर्गसमीकरण आहे," असे म्हणून त्याने वही ओढली.

त्याची सुरुवात फार चांगली होती. फुटांच्या मागे न लागता त्याने ३३ फूट हेच एक माप मानले. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा. तेव्हा रुंदी य मापे धरली तर लांबी (य + १) मापे आणि क्षेत्रफळ थेट गुंठ्यांत मिळते:

य (य + १) = १०, म्हणजेच य² + य − १० = ०.

मला मनातून बरे वाटले. पण गाडी इथेच अडली. दहाचे अवयव एक आणि दहा किंवा दोन आणि पाच. पहिल्या जोडीतला फरक नऊ, दुसऱ्या जोडीतला तीन. त्याला हवा होता एक. पाचेक मिनिटे खाडाखोड करून त्याने निकाल दिला, "मामा, गणितच चुकलंय. दहा नाही, बारा गुंठे पाहिजेत."

तेवढ्या वेळात दाजींनी काय केले होते? नव्वद फूट रुंदी धरली तर लांबी १२३, गुणाकार ११,०७०. दहा गुंठ्यांचे होतात १०,८९० चौरस फूट, म्हणजे हे जास्त झाले. एकोणनव्वद धरली तर लांबी १२२, गुणाकार १०,८५८. हे थोडे कमी. "एकोणनव्वद फूट आणि वर दोन इंच," असे म्हणून ते खुंट्या आणायला गेले. अचूक उत्तर ८९.१५ फूट आहे. दाजी सातवी शिकलेले आहेत.

भाच्याला सूत्र येत नव्हते असे नाही. ते पाठ होते, त्याने मला ते म्हणूनही दाखवले. पण प्रश्नाखाली 'सूत्राचा वापर करून सोडवा' असे कुणी लिहिलेले नव्हते! या लेखात मला बोलायचे आहे ते याबद्दल. मुलगा हुशार आहे, त्याचे शिक्षक मेहनती आहेत. तरीही अवयव पडले नाहीत तर जमीन चुकली, असे त्याला वाटले. हे त्याला आपणच शिकवले आहे.

२०१८ साली नव्या अभ्यासक्रमाबरोबर आलेले बालभारतीचे दहावीचे 'गणित भाग १' उघडून पाहावे. दुसरे प्रकरण वर्गसमीकरणांचे आहे. आधी अवयव पद्धत, मग पूर्ण वर्ग पद्धत, मग सूत्र, असा क्रम आहे आणि प्रत्येक पद्धतीला तिचा स्वतंत्र सरावसंच आहे. आठवीतच वर्ग त्रिपदीचे अवयव होऊन गेलेले असल्यामुळे मुले या पहिल्या पद्धतीवर तुटून पडतात. मधल्या पदाची फोड करायची, कंस बांधायचे, दोन उत्तरे लिहायची. पटकन जमते, पडताळाही होतो. अवयव पद्धतीच्या संचातले प्रत्येक समीकरण अवयव पडावेत असेच बेतलेले आहे. √२ सारखा सहगुणक असलेले √२क्ष² + ७क्ष + ५√२ = ० हेसुद्धा बेतूनच आणले आहे. सरावासाठी अशी उदाहरणे द्यावी लागतात, त्याला माझी हरकत नाही. पण ही निवडलेली उदाहरणे आहेत, हे मुलांना कुणी सांगत नाही. आंब्याच्या पेटीतला वरचा थर पाहून बाग कशी असेल ते ठरवण्यासारखे हे आहे.

निवड केवढी कडक आहे ते मोजून पाहता येते. क्ष² + बक्ष + क = ० या समीकरणात ब आणि क हे −१० ते १० यांमधले, शून्य सोडून, कोणतेही पूर्णांक घ्या. अशी २० × २० = ४०० समीकरणे होतात. त्यांपैकी किती समीकरणांचे पूर्णांकी अवयव पडतात? दोन्ही चिन्हे धन असतील तर ज्यांची बेरीज आणि गुणाकार दोन्ही दहाच्या आत आहेत अशा जोड्या मोजायच्या. त्या १४ भरतात. क ऋण आणि ब धन असेल तर बेरजेच्या जागी फरक येतो आणि जोड्या १२ भरतात. ब चे चिन्ह उलटले की तेवढ्याच पुन्हा. एकूण ५२. म्हणजे शेकडा १३. हीच मर्यादा दहाऐवजी शंभर केली, तर ४०,००० समीकरणांपैकी ९६२ चेच अवयव पडतात, शेकडा अडीचसुद्धा नाहीत. पहिली मोजणी वर्गात एका तासात फळ्यावर होते. नववी-दहावीच्या मुलांकडून ती जरूर करून घ्यावी. अवयवांचा सराव दहा उदाहरणांनी होणार नाही इतका तिच्यातून होतो.

भाच्याच्या गुंठ्यांचेही तसेच. य (य + १) ही किंमत पूर्णांक 'य'साठी २, ६, १२, २०, ३० अशी येते. एका एकराचे चाळीस गुंठे. तेव्हा एक ते चाळीस गुंठ्यांपैकी पाचच क्षेत्रे अशी आहेत, की ज्यांचे समीकरण अवयवांनी सुटते. उरलेल्या पस्तीस शेतकऱ्यांनी काय करायचे?

दुसरा आक्षेप पद्धतीच्या मुळाशी जातो. अवयव पद्धतीत खरे काम अवयव करत नाहीत, शून्य करते. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांपैकी निदान एक शून्य असलीच पाहिजे, या एका गुणधर्मावर सगळी पद्धत उभी आहे. आपण तो एका ओळीत उरकतो. परिणाम पाहायचा असेल तर वर्गात (क्ष + १)(क्ष + ४) = १० हे समीकरण द्यावे. बरीच मुले म्हणतील, दहा म्हणजे दोन गुणिले पाच, म्हणून क्ष + १ = २ आणि क्ष + ४ = ५, उत्तर क्ष = १. गंमत अशी, की उत्तर बरोबर आहे! पण −६ हे दुसरे उत्तर निसटले. −५ आणि −२ यांचा गुणाकारही दहाच येतो. दहाला अनंत प्रकारे दोन संख्यांत फोडता येते, शून्याला ती पळवाट नाही. सगळी पदे डावीकडे आणून उजवीकडे शून्य का ठेवायचे, ते या उदाहरणानंतर सांगितले तर लक्षात राहते.

आणि हा गुणधर्मही गृहीत धरण्याजोगा नाही. घड्याळाच्या तबकडीवरचे बारा तासांचे अंकगणित घ्या, ज्यात बारा म्हणजेच शून्य. तिथे तीन चोक शून्य होतात. क्ष² = १ या साध्या समीकरणाला तिथे १, ५, ७ आणि ११ अशी चार उत्तरे मिळतात (५ × ५ = २५, म्हणजे दोन फेऱ्या मारून १). अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे स्वतः पडताळून पाहावे.

आता शाब्दिक उदाहरणांकडे वळू. बालभारतीच्या समितीने शेतावर जायचा प्रयत्न केला आहे, याचे कौतुक करायला हवे. आमच्या वेळच्या पुस्तकात आगगाड्या आणि हौद यांपलीकडे जग नव्हते. या प्रकरणात मात्र एक कांदाचाळ आहे. तिच्या आयताकृती तळाची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने जास्त आणि कर्ण लांबीपेक्षा १ मीटरने जास्त आहे. समीकरण क्ष² − २क्ष − १५ = ०, मुळे ५ आणि −३. रुंदी ऋण नसते म्हणून −३ सोडायचे. रुंदी ५, लांबी १२, कर्ण १३ मीटर. ज्याला लांबी-रुंदी ठाऊक नाही त्याला कर्ण एका मीटरने जास्त आहे हे कसे कळले, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. मला चुटपुट लागते ती सोडून दिलेल्या −३ ची. ते एकदा समीकरणात घालून पाहा. रुंदी −३, लांबी ४, कर्ण ५. म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचा ३-४-५ चा काटकोन त्रिकोण! उणे चिन्हाचा अर्थ एवढाच, की फरक ७ च्या जागी बेरीज ७ झाली. 'लांबी आणि रुंदी यांची बेरीज ७, कर्ण लांबीपेक्षा १ ने जास्त' या जुळ्या उदाहरणाचे ते उत्तर आहे. एका समीकरणाने दोन कांदाचाळींचे उत्तर दिले आणि आपण एक उत्तर कारण न पाहताच खोडले.

भास्कराचार्यांनी यापेक्षा जास्त काळजी घेतली होती. ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'तील बीजगणित या भागात माकडांच्या कळपाची दोन उदाहरणे आहेत. एकात कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग वनात आणि उरलेली बारा टेकडीवर आहेत. समीकरण क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०, उत्तरे ४८ आणि १६. भास्कराचार्य दोन्ही स्वीकारतात. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते आहे. समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ०, उत्तरे ५० आणि ५. दोन्ही धन! तरीही ते ५ घेत नाहीत. कारण पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की उणे दोन, आणि ऋण माकडे लोकांना पटत नाहीत. उत्तर धन आहे की ऋण यापाशी ते थांबत नाहीत. ते उदाहरणात परत घालून पाहतात आणि मग ठरवतात. आपल्या उत्तरपत्रिकांतल्या 'ऋण म्हणून अग्राह्य' या साच्याने हे दुसरे उदाहरण सुटले नसते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाची नोंद आहे. त्या मठात हे उदाहरण कसे शिकवत असतील याचे मला कुतूहल आहे.

विशेष म्हणजे या दोन्ही समीकरणांचे अवयव सहज पडतात, पण भास्कराचार्य ते पाडत नाहीत. त्यांच्या पद्धतीचे नाव 'मध्यमाहरण', म्हणजे मधले पद नाहीसे करणे. दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मधल्या पदाच्या सहगुणकाचा वर्ग मिळवावा, ही श्रीधराचार्यांची युक्ती त्यांनी दिली आहे. आपले सूत्र त्यातूनच येते. म्हणजे आपण मधले पद फोडतो, ते मधले पद घालवत. अवयवांची पद्धत त्यामानाने अलीकडची आहे. सगळी पदे एका बाजूला आणून समीकरणाकडे अवयवांचा गुणाकार म्हणून पाहणे टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १६३१ साली छापलेल्या, ग्रंथात ठळकपणे दिसते. मोठ्या घाताची समीकरणे समजून घेण्याचा तो मार्ग होता. 'ओळखा पाहू' हा खेळ त्याला आपण बनवला.

मग अवयव पद्धत काढून टाकायची का? मुळीच नाही. मुळे आणि अवयव यांचे नाते दाखवणारी तीच पद्धत आहे आणि पुढे बहुपदी व आलेख समजण्यासाठी ती लागतेच. फक्त तिच्यातली चाचपडण्याची जागा भरून काढली पाहिजे. अवयव शोधताना आपण काय करतो? बेरीज आणि गुणाकार माहीत असलेल्या दोन संख्या शोधतो. बेरीज माहीत आहे म्हणजे सरासरी माहीत आहे. दोन्ही संख्या सरासरीपासून सारख्याच अंतरावर, एक अलीकडे आणि एक पलीकडे असतात. ते अंतर उ माना. य² + य − १२ = ० मध्ये मुळांची बेरीज −१, म्हणून सरासरी −½. मुळे −½ + उ आणि −½ − उ. त्यांचा गुणाकार ¼ − उ² = −१२. म्हणून उ² म्हणजे सव्वाबारा आणि उ म्हणजे साडेतीन. मुळे ३ आणि −४. आता बाराच्या जागी दहा लिहा: उ² सव्वादहा, उ सुमारे ३.२०, मुळे २.७० आणि −३.७०. काहीच अडले नाही. बाराचे अवयव पडतात आणि दहाचे पडत नाहीत, यातला फरक सव्वाबाराचे वर्गमूळ नेटके आहे आणि सव्वादहाचे नाही, एवढाच निघाला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील गणितज्ञ पो-शेन लो यांनी २०१९ साली ही मांडणी नव्याने पुढे आणली, तेव्हा तिचा बराच गाजावाजा झाला. बेरीज-गुणाकारावरून दोन संख्या काढण्याची ही युक्ती बाबिलोनच्या लोकांनाही ठाऊक होती. मला ती आवडते ती अवयव आणि पूर्ण वर्ग या दोन सरावसंचांमधली भिंत तिच्यामुळे पडते म्हणून. सूत्र ही मग वेगळी शिक्षा राहत नाही.

त्याच प्रकरणाच्या शेवटच्या प्रश्नसंग्रहात एक शेततळे आहे. शेताची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा १० मीटरने जास्त, तळे चौरस, त्याची बाजू शेताच्या रुंदीच्या एक तृतीयांश आणि शेताचे क्षेत्रफळ तळ्याच्या वीसपट. उत्तर रुंदी ४५, लांबी १००, तळ्याची बाजू १५ मीटर. (समीकरण २क्ष² − ९०क्ष = ० असे येते. दोन्ही बाजूंना क्ष ने भागून मोकळी होणारी मुले शून्य हे मूळ गमावतात. इथे नुकसान होत नाही, पण सवय वाईट.) या तळ्याला खोली मात्र नाही! बारामती-इंदापूरच्या ज्या मुलाने प्लॅस्टिकचे अस्तर अंथरताना हात दिला आहे, त्याला हे तळे कोरडेच वाटणार. तळ्याच्या भिंती सरळ नसतात, उतरत्या असतात, आणि विचारायचे असते ते पाणी किती मावेल हे.

तेही वर्गसमीकरणच आहे. खोली ३ मीटर आणि उतार एकास एक धरला, तर वरची बाजू क्ष असताना तळाची बाजू क्ष − ६ होते. दहावीतच शंकुछेदाच्या घनफळाचे सूत्र आहे. त्यातून पाय काढून त्रिज्यांच्या जागी बाजू घातल्या की तळ्याचे सूत्र मिळते. खोलीचा एक तृतीयांश इथे १ असल्याने घनफळ = क्ष² + (क्ष − ६)² + क्ष(क्ष − ६) = ३क्ष² − १८क्ष + ३६. राज्य सरकारच्या २०१६ सालच्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत १५ × १५ × ३ मीटरपासून ३० × ३० × ३ मीटरपर्यंतची मापे होती. तीस मीटरच्या तळ्यात यावरून २,१९६ घनमीटर पाणी मावते. उलटे विचारा: २,१९६ घनमीटरसाठी बाजू किती? क्ष² − ६क्ष − ७२० = ०, अवयव (क्ष − ३०)(क्ष + २४). सुरेख पडले. पण शेतकरी २,१९६ मागत नाही. तो म्हणतो, वीस लाख लिटर, म्हणजे २,००० घनमीटर. लगेच अवयव बंद पडतात आणि बाजू २८.७६ मीटर येते.

वरच्या समीकरणातले −२४ टाकू नका. क्ष = −२४ घातले की तळाची बाजू −३० येते. चिन्ह सोडून पाहिले, तर वर २४ आणि खाली ३०, उतार तोच, घनफळ तेच २,१९६. हा तळ्यातून काढलेल्या मातीचा ढीग आहे. (खोदलेली माती फुगते, ते समीकरणाला माहीत नाही.)

रात्री जेवणानंतर भाच्याला मी सव्वादहाची युक्ती दाखवली. त्याने २.७० ला ३३ ने गुणून बापाचे एकोणनव्वद फूट दोन इंच पडताळून पाहिले आणि थोडा खट्टू झाला. मग सवयीने −३.७० वर काट मारायला पेन टेकवले आणि थांबला. तेही ३३ ने गुणले. १२२ फुटांच्या किंचित वर आले. "मामा, ही तर शेडनेटची लांबीच आहे," तो म्हणाला, "नुसती उलट्या बाजूने मोजलेली."